मीनास्याचा हरवलेला ग्रह आणि आपली प्रयोगवही



दिवाळीच्या सुमारास रात्री नऊच्या आगेमागे गच्चीवर किंवा मोकळ्या माळावर जा आणि दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. क्षितिजापासून साधारण चाळीस अंश उंचीवर एकच पांढरा, ठळक तारा दिसेल. आसपास दुसरा तेजस्वी तारा नसल्यामुळे तो एकटा पडल्यासारखा वाटतो. ओळख पटवायची असेल तर आधी डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या पश्चिमेकडच्या बाजूचे, म्हणजे पूर्वा भाद्रपदाचे, दोन तारे जोडणारी रेषा दक्षिणेकडे सरळ वाढवत नेली की ती या ताऱ्याजवळ पोहोचते. हा मीनास्य, दक्षिण मत्स्य या तारकासमूहातील मुख्य तारा. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याला फोमलहॉट म्हणतात. ते नाव मूळ अरबी असून त्याचा अर्थही 'माशाचे तोंड' असाच आहे.

मीनास्य आपला शेजारीच म्हणायचा. त्याचे अंतर सुमारे २५ प्रकाशवर्षे आहे. सूर्याच्या जवळजवळ दुप्पट वस्तुमानाचा आणि सोळापट तेजाचा हा तारा वयाने मात्र लहान आहे. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे, तर याचे ४४ कोटी वर्षांच्या आसपास. या ताऱ्याभोवती राडारोड्याचे एक प्रचंड कडे आहे. या कड्यापाशी सापडलेल्या आणि पुढे हरवलेल्या एका 'ग्रहा'ची गोष्ट मला तुम्हांला सांगायची आहे. ती सांगताना माझ्या प्रयोगशाळेतील एक गोष्टही सांगणार आहे, कारण माझ्या मते या दोन गोष्टी एकच आहेत.

प्रथम कडे कसे सापडले ते पाहू. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून 'आयरास' नावाचा कृत्रिम उपग्रह सोडला. त्यावरील दुर्बीण अवरक्त किरण टिपणारी होती. अवरक्त किरण म्हणजे काय हे तव्याला विचारावे. चुलीवरून उतरवलेला तवा अंधारात दिसत नाही, पण त्याच्याजवळ हात नेला की धग लागते. ती धग अवरक्त प्रारणाची. वस्तू जितकी थंड, तितकी तिच्या प्रारणाची तरंगलांबी मोठी. हिशेब सोपा आहे. २९०० या संख्येला वस्तूच्या केल्व्हिनमधील तापमानाने भागले की सर्वांत तीव्र प्रारणाची तरंगलांबी मायक्रॉनमध्ये मिळते. सूर्याचा पृष्ठभाग ५८०० केल्व्हिनचा, म्हणून उत्तर अर्धा मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाश. तुमचे शरीर ३१० केल्व्हिनचे, तुमचे उत्तर सव्वानऊ-साडेनऊ मायक्रॉन. एखादी वस्तू ६० केल्व्हिन इतकी थंड असेल तर उत्तर येते ४८ मायक्रॉन. असल्या वस्तू पाहायच्या तर अवरक्त दुर्बीणच हवी, आणि ती दुर्बीण स्वतःही तितकीच थंड ठेवावी लागते. आयराससाठी द्रवरूप हेलियम वापरले होते. ते संपले आणि दहा महिन्यांत उपग्रहाचे काम थांबले.

कोणतेही नवे उपकरण वापरण्यापूर्वी ते प्रमाणित करावे लागते. त्यासाठी शास्त्रज्ञांनी अभिजित हा परिचित तारा निवडला. त्याचे तेज नेमके ठाऊक होते, म्हणून तो मापाचे वजन ठरला. पण ऑमन आणि जिलेट या शास्त्रज्ञांना आढळले की लांब तरंगांच्या अवरक्त प्रारणात अभिजित हिशेबापेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी आहे. दुकानातले प्रमाण वजनच जास्त भरावे, तसा हा प्रकार! मोह कोणता होता ते ध्यानात घ्या. 'उपकरण बिघडले' असे म्हणून आकडा बाजूला सारता आला असता. त्यांनी तसे केले नाही. आकडा खरा आहे असे धरून कारण शोधले, तेव्हा उत्तर मिळाले की अभिजितभोवती थंड धूळ आहे. ती ताऱ्याचा प्रकाश शोषून घेते आणि अवरक्तात परत सोडते. मग इतर ताऱ्यांकडे पाहिले, तर मीनास्याभोवतीही तशीच धूळ निघाली.

आता प्रश्न असा, की ही धूळ आली कोठून? तारा जन्मला तेव्हाची ती शिल्लक नसणार, कारण धूळ फार काळ टिकत नाही. याचे गणित तुम्हांला करता येईल. कणाला ताऱ्याकडे ओढणारे गुरुत्वाकर्षण त्याच्या वस्तुमानावर, म्हणजे त्रिज्येच्या घनावर अवलंबून असते. कणाला बाहेर ढकलणारा प्रकाशाचा दाब त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतो. तेव्हा कण जितका लहान, तितका प्रकाशाचा ढकलणारा जोर वरचढ. सूर्याच्या सोळापट तेज आणि दुप्पट वस्तुमान असलेल्या मीनास्याजवळ हे पारडे सूर्यापेक्षा आठपट प्रकाशाकडे झुकलेले आहे. काही मायक्रॉनपेक्षा लहान असे कण तेथे कायमचे बाहेर भिरकावले जातात. त्याहून मोठे कण हळूहळू ताऱ्याकडे घसरत जातात किंवा आपटून बारीक होतात. तरीही ४४ कोटी वर्षांनंतर धूळ आहेच. याचा अर्थ ती रोज नव्याने तयार होते आहे. बांधकामाच्या जागी रोज झाडूनही धूळ दिसावी, तर समजावे की कोठेतरी फोडाफोडी चालू आहे. तेथेही लघुग्रहांसारखे व धूमकेतूंसारखे असंख्य पिंड एकमेकांवर आदळून फुटत आहेत. युरोपच्या हर्शेल दुर्बिणीने २०१२ मध्ये दिलेल्या मोजमापांवरून असा हिशेब निघाला, की कड्यातील धूळ टिकून राहायची तर एक-एक किलोमीटर आकाराचे सुमारे दोन हजार धूमकेतू रोज चुराडा व्हायला हवेत. रोज!

कडे प्रत्यक्ष पाहण्याचे काम हबल दुर्बिणीने केले. दुर्बिणीतील एका लहान तबकडीने ताऱ्याला झाकायचे आणि भोवतीचा मंद प्रकाश टिपायचा. उन्हात लांबचे पाहताना आपण कपाळावर हात धरतो, तीच ही युक्ती. २००४ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत कडे स्वच्छ उमटले. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १४० पट दूर असलेले, आतली कड रेखीव असलेले, आणि विशेष म्हणजे ज्याचा मध्य ताऱ्यावर नसून एका बाजूला सुमारे १५ पृथ्वी-सूर्य अंतरे सरकलेला आहे, असे कडे. कड्याला असे सरकवणारा आणि त्याची कड साफ ठेवणारा एखादा ग्रह आत असला पाहिजे, अशी कल्पना साहजिकच पुढे आली.

आणि ग्रह सापडला! कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पॉल कॅलास यांनी २००४ आणि २००६ ची छायाचित्रे शेजारी ठेवली, तेव्हा कड्याच्या आतल्या बाजूला एक ठिपका दिसला. ताऱ्यापेक्षा तो शंभर कोटी पट मंद होता, आणि दोन वर्षांत तो जागचा हलला होता. ग्रह जसा ताऱ्याभोवती फिरेल तसाच. नोव्हेंबर २००८ मध्ये ही बातमी जगभर पसरली. दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह दृश्य प्रकाशात प्रत्यक्ष पाहिला, असे सांगितले गेले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने लोकांची मते मागवून या ग्रहाला 'डॅगॉन' असे नावही दिले.

पण काही आकडे जुळत नव्हते. इतका तरुण ग्रह आतून अजून गरम असला पाहिजे. म्हणजे तो अवरक्तात ठळक दिसायला हवा. तो अवरक्तात दिसतच नव्हता. २००४ पेक्षा २००६ मध्ये तो मंद झाला होता. या दोन्ही गोष्टी कॅलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या निबंधातच लिहून ठेवल्या होत्या. ग्रहाभोवती धुळीची चकती असावी आणि प्रकाश तिचा असावा, असा एक अंदाजही दिला होता. पुढे त्याच्या कक्षेचा हिशेब झाला, तर ती फार लांबट निघाली. काहींनी ठिपका खराच आहे का अशी शंका घेतली. इतरांनी हबलची तीच छायाचित्रे पुन्हा तपासली आणि ठिपका खरा असल्याचे सांगितले.

अखेर एप्रिल २०२० मध्ये ॲरिझोना विद्यापीठाच्या आंद्राश गास्पार आणि जॉर्ज रिकी यांनी हबलने दहा वर्षांत घेतलेली सारी छायाचित्रे एकत्र मांडली. ठिपका वर्षागणिक पसरत आणि मंदावत गेला होता, आणि २०१४ च्या छायाचित्रात तो नव्हताच. ग्रह काही असा विरघळत नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की तो ग्रह कधी नव्हताच. सुमारे दोनशे किलोमीटर व्यासाचे दोन पिंड एकमेकांवर आदळले होते आणि त्यांच्या चुऱ्याचा ढग आपण पाहत होतो. बारीक कणांचा हा ढग प्रकाशाच्या दाबाने बाहेर ढकलला जात होता, म्हणून कक्षा वेडीवाकडी वाटली. ढग थंड होता, म्हणून अवरक्तात दिसला नाही. तो पसरत होता, म्हणून मंद होत गेला. तीन अडचणी एका उत्तराने सुटल्या. आणि गंमत पाहा, २०१५ मध्ये ज्याला थाटात नाव दिले, ते बारसे होण्यापूर्वीच नाहीसे झाले होते!

येथे मी तुम्हांला माझ्या प्रयोगशाळेत नेतो.

मी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी अकरावीच्या प्रात्यक्षिकांत साध्या लंबकाचा प्रयोग चालू होता. दोऱ्याची लांबी एक मीटर, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि गुरुत्व त्वरण काढायचे. तास संपता संपता प्रयोगवह्या माझ्या टेबलावर आल्या. सर्वांची उत्तरे ९.८ च्या अवतीभवती. एका मुलीचे उत्तर तर नेमके ९.८०. मी बरोबरची खूण करणार, तोच कागद उजेडात तिरपा झाला आणि खोडरबराखालचे आकडे दिसले. वीस आंदोलनांना ३८.२ सेकंद. पुन्हा ३८.२. पुन्हा ३८.३. त्यावर नवे आकडे लिहिलेले होते: ४०.१, ४०.२, ४०.१.

मी तिला बोलावले. ती घाबरली. म्हणाली, "सर, उत्तर १०.८ येत होतं. तीनदा केलं तरी तेच. मागच्या वेळी माझं उत्तर चुकलं तर तुम्हीच वहीत लाल शाईनं 'पुन्हा करा' असं लिहिलं होतं."

मी लिहिले होते. का चुकले हे विचारले नव्हते, फक्त 'पुन्हा करा' असे लिहिले होते. त्यातून तिने जे शिकायचे ते शिकून घेतले होते.

तीन वेळा तेच उत्तर येते याचा अर्थ हातात काहीतरी पक्के आहे. मी तिला प्रयोग पुन्हा माझ्यासमोर करायला सांगितले. लंबक सोडला, घड्याळाची कळ दाबली आणि तिने मोजायला सुरुवात केली, "एक..." कळ दाबतानाच 'एक'! म्हणजे 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलने झाली एकोणीस. ३८.२ ला १९ ने भागा. आवर्तकाल येतो २.०१ सेकंद, आणि गुरुत्व त्वरण ९.७७, आपल्या भागात असावे तितकेच. तिची निरीक्षणे उत्तम होती, वर्गातील कित्येकांपेक्षा अधिक काटेकोर. चूक होती ती आकड्याला लावलेल्या अर्थात. ते आकडे पुसल्यामुळे ती चूक कोणालाच कधी सापडली नसती. 'शून्यापासून मोजावे' हे मी दरवर्षी सांगत होतोच. पण त्या दिवशी त्या मुलीला ते जसे समजले, तसे माझ्या सांगण्याने कोणाला समजले असेल असे वाटत नाही.

मीनास्याच्या बाबतीत हेच घडले. ठिपका खरा होता. त्याची जागा खरी, त्याचे तेज खरे, त्याचे मंदावणेही खरे. 'ग्रह' हा त्याला लावलेला अर्थ तेवढा चुकला. न जुळणारे आकडे २००८ च्या निबंधातच लिहिलेले होते आणि छायाचित्रे जपून, इतरांना तपासता येतील अशी ठेवलेली होती, म्हणून बारा वर्षांनी दुसऱ्या कोणाला खरा अर्थ लावता आला. कोणी खोडरबर वापरले असते तर डॅगॉन आजही आपल्या पुस्तकांत फिरत राहिला असता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की आपल्या शाळा-महाविद्यालयांतून प्रात्यक्षिकांचे गुण 'बरोबर' उत्तराला देण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. गुण नोंदीला द्यावेत. निरीक्षणे शाईने लिहावीत. चुकलेला आकडा पुसू नये, वाचता येईल अशी एक रेघ त्यावर मारावी. आणि प्रयोगवहीत निष्कर्षाच्या खाली आणखी एक मथळा असावा: 'न जुळलेले'. तेथे विद्यार्थ्याने लिहावे की काय जुळले नाही आणि त्याला त्याचे कारण काय वाटते. या मथळ्याखाली पानभर प्रामाणिक मजकूर असेल, तर उत्तर १०.८ असले तरी मी त्याला पूर्ण गुण देईन.

शिक्षक बंधुभगिनींची अडचण मी जाणतो, कारण मी त्यांच्यातलाच आहे. एका तुकडीत साठ-साठ मुले, दोन तासांत प्रयोग उरकायचा, परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे, त्यांच्यासमोर आपल्या मुलांचे उत्तर वेडेवाकडे दिसले तर मान आपलीच खाली जाते. हे सारे खरे आहे. पण साठ वह्यांवर 'बरोबर' ची खूण करायला जितका वेळ लागतो, तितक्याच वेळात एक रेघ आणि एक मथळा पाहूनही खूण करता येते. वेळेपेक्षा आपल्या सवयीचा प्रश्न मोठा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणी म्हणेल, मुलांना शास्त्रज्ञांच्या चुका सांगत बसलात तर त्यांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल. 'आज म्हणतात ग्रह, उद्या म्हणतात धूळ, यांचे काय खरे मानायचे?' असे बोलणारी माणसे तुम्हांलाही भेटली असतील. त्यांना माझे उत्तर असे: काय बदलले आणि काय बदलले नाही, याची यादी करा. २५ प्रकाशवर्षांचे अंतर बदलले नाही. कडे बदलले नाही, उलट २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याच्या आत आणखी धुळीचे पट्टे दाखवले. धूळ टक्करींतून येते हे बदलले नाही, उलट तशी एक टक्कर पाहायला मिळाली. बदलला तो एका ठिपक्याचा अर्थ, आणि तोही कोणाच्या लहरीने नव्हे, तर आकड्यांच्या धाकाने. कोणत्या कारणाने मत बदलले हे ज्याला सांगता येते, त्याच्यावर विश्वास ठेवावा. जो म्हणतो की माझे कधी चुकतच नाही, त्याची प्रयोगवही मागून घ्यावी आणि उजेडात तिरपी धरून पाहावी.

या गोष्टीचा शेवट अजून व्हायचा आहे. २०२० च्या हिशेबाप्रमाणे अशी मोठी टक्कर मीनास्याभोवती सुमारे दोन लाख वर्षांतून एकदा व्हावी. पण हबलने २०२३ मध्ये घेतलेल्या छायाचित्रात जुन्या ठिपक्यापासून फार दूर नसलेल्या जागी एक नवाच ठिपका दिसला. आधीच्या छायाचित्रांत तो नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तो दुसऱ्या टक्करीचा ढग असल्याचे मांडले गेले. आदळलेले पिंड सुमारे साठ किलोमीटरचे असावेत, असा नवा अंदाजही दिला गेला. दोन लाख वर्षांतून एकदा होणारी गोष्ट वीस वर्षांत दोनदा! म्हणजे टक्करींच्या हिशेबातही कोठेतरी 'एक' पासून मोजले गेले असावे. आणि हा निबंध लिहिणाऱ्यांत पहिले नाव कोणाचे? पॉल कॅलास यांचे. २००८ मध्ये ज्यांनी त्याच ताऱ्याजवळ ग्रह सापडल्याचे जाहीर केले, त्यांनीच सतरा वर्षांनी लिहिले की दूरवरचा असा धुळीचा ढग हुबेहूब ग्रहासारखा दिसू शकतो, तेव्हा पुढच्यांनी जपावे. आपली फसगत त्यांनी दुसऱ्यांसाठी धोक्याची पाटी म्हणून उभी केली. याहून मोठे प्रात्यक्षिक मी तरी पाहिलेले नाही.

२००४ साली हबलने टिपलेला तो प्रकाश ताऱ्यापासून साधारण १९७९ मध्ये निघाला होता. आज रात्री तुम्ही मीनास्याकडे पाहाल तो प्रकाशही सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीचा असेल. नुसत्या डोळ्यांना कडे दिसणार नाही, ढगही दिसणार नाही. एक पांढरा ठिपका तेवढा दिसेल. तो पाहा, वेळ, दिशा आणि उंची वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा पाहा, तो थोडा पश्चिमेकडे सरकलेला असेल. किती सरकला ते मोजा. पुस्तकातल्या आकड्याशी जुळले नाही तर आकडा पुसू नका. खाली लिहा: 'न जुळलेले'. आणि कारण शोधायला लागा.

त्या मुलीची ती प्रयोगवही मी मागून घेतली आहे. दरवर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी नाव झाकून ते पान मी नव्या वर्गाला दाखवतो, पुसलेल्या आकड्यांसकट. शेजारी माझी लाल शाईची ओळही दाखवतो.